घरातली जुनी थ्री नॉट थ्री : जपणूक, दुरुस्ती आणि काडतुसं भरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत एखादं जुनं घर रिकामं करताना कपाटाच्या मागून किंवा माळ्यावरून लष्करी रायफल निघते आणि घरातल्यांची पंचाईत होते. गेल्या काही वर्षांत अशी बरीच कुटुंबं माझ्याकडे आली. मी बंदूकसाज नाही. कॉलेजात एनसीसीत असताना थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ मापाची ली-एनफिल्ड ही लष्करी रायफल, हाताळली, पुढे सासऱ्यांची .३१५ रायफल वारसाहक्काने रीतसर परवान्यावर माझ्याकडे आली. तिच्यामुळे या जुन्या हत्यारांचा नाद लागला तो कायमचा. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

रायफल सापडली. सगळ्यात आधी काय करू?

ती भरलेली आहे असं धरून चाला. चापाजवळ बोट नको, नळीचं तोंड कुणाकडेही नको. हत्यारांची सवय नसेल तर बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, ओढून बघायच्या फंदात पडू नका. आहे तिथेच राहू द्या, खोलीला कुलूप लावा आणि पोलीस ठाण्याला फोन करा. सवय असेल तर मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघून मग करंगळीने चाचपा. क्रम हाच ठेवा. मॅगझिन आत असताना बोल्ट मागेपुढे केलात तर रिकामी वाटलेली रायफल तुम्हीच भराल. जुन्या घरात दिवा मंद असतो, चेंबर काळवंडलेलं असतं आणि पितळ दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपणं आलंच.

माझी रायफल १९१७ची आहे. शंभर वर्षं उलटली म्हणजे ती ‘अँटिक’, मग परवाना कशाला?

या गैरसमजामुळे भली माणसं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ४५मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, हे खरं. पण ती केवळ वयावर मिळत नाही. हत्यार जुनाट घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त असावं आणि ते दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येऊ नये, अशी अट आहे. ‘दुरुस्ती करून किंवा न करता’ या शब्दांवर सगळं अडतं. दिवाणखान्यातल्या भिंतीवर टांगलेली, नळी गंजून बुजलेली ठासणीची बंदूक कदाचित या सुटीत बसेल. १९१७ची ली-एनफिल्ड बसत नाही. तिचा बोल्ट अडकलेला असो, फायरिंग पिन तुटलेली असो, चांगला कारागीर ती एका दिवसात चालू करून देईल. त्या घडणीच्या रायफली आपल्या पोलिसांच्या खांद्यावर एकविसाव्या शतकातही होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२०च्या संचलनात.

आणखी एक गोष्ट. .३०३ किंवा ७.६२ मिमी लष्करी काडतूस चालवणारी बोल्ट रायफल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप). त्या परवान्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असतो, पोलीस आयुक्तालय तो आपल्या अखत्यारीत देऊ शकत नाही. साध्या बोअरचा परवाना असला म्हणजे त्यावर थ्री नॉट थ्री चढवता येईल, असं नाही.

आजोबांच्या नावावर परवाना होता, ते वारले. आता?

परवाना माणसाचा असतो. माणूस गेला की घरातल्यांचा ताबा कायदेशीर राहत नाही. कलम २१प्रमाणे हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं आणि लेखी पावती घ्यायची. त्यानंतर वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र, मृत्यूचा दाखला, जुना परवाना, हे सगळं सोबत. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो.

वडील हयात असतील तर आत्ताच हालचाल करा. परवानाधारकाची सत्तरी उलटली असेल किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागण्याची सोय शस्त्र नियम, २०१६मध्ये आहे. माहीमच्या एका कुटुंबात हे करायचं राहून गेलं. वडील गेले, रायफल जमा झाली आणि भावाभावांचं एकमत होईपर्यंत सहा पावसाळे ती साठवणीच्या खोलीत उभी राहिली. परत मिळाली तेव्हा नळीत बोराएवढे खड्डे नव्हते इतकंच, बाकी सगळं होतं. म्हणून जमा करण्याआधी नळीत आणि बोल्टवर ग्रीसचा जाड थर द्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करायला सांगतात तेव्हाही तेच करा. आणि जमा करताना क्रमांक, लाकडाची स्थिती, सोबतचा पट्टा, सगळं पावतीवर लिहून घ्या.

२०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि वारसाने आलेलं हत्यारही त्यातच धरतात, हेही ध्यानात असू द्या.

परवाना कधी नव्हताच. गुपचूप समुद्रात टाकून दिली तर?

नका. वकिलाला सोबत घ्या आणि सापडल्याचं लेखी कळवून जमा करा. आपण होऊन गेलेल्या माणसाची आणि लपवाछपवी करताना सापडलेल्या माणसाची गोष्ट ठाण्यात वेगवेगळी ऐकली जाते.

आमचे पणजोबा मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात लढले. ही त्यांचीच रायफल असेल ना?

मनापासून सांगतो, बहुधा नसेल. असं सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. शिपायाला रायफल सरकारी मोजदादीवर मिळायची आणि पलटण सोडताना कोठारात परत जायची. ती हरवली तर कोर्टमार्शल व्हायचं. पणजोबांनी आणली असतील ती पदकं, पितळी बटणं, फार तर पट्टा. घरात आलेल्या रायफली बहुतेक वेळा संस्थानांच्या शस्त्रागारातून, साहेबांच्या लिलावातून किंवा शिकारीसाठी नळी-लाकूड बदलून आलेल्या असतात. पणजोबांनी अशीच रायफल हाताळली असेल, हे मात्र नक्की. तेवढंही कमी नाही.

रायफलीची जन्मकुंडली तिच्या अंगावरच असते. बोल्टच्या दांड्याखाली, दस्ता (खांद्याला टेकतं ते मागचं लाकूड) जिथे बसतो त्या लोखंडी पेटीच्या उजव्या अंगाला बघा. वर मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल. इशापूर म्हणजे कोलकात्याजवळचा रायफल कारखाना. एनफिल्ड म्हणजे लंडनजवळचा सरकारी कारखाना, लिथगो म्हणजे ऑस्ट्रेलिया. इशापूरच्या स्वातंत्र्योत्तर रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह दिसतात. मॉडेलपुढे तीन रोमन आकड्यात असेल तर ते १९०७चं रूप. त्यापुढे चांदणी असेल तर पहिल्या महायुद्धातली सोपी केलेली आवृत्ती, जिच्यातून मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी आणि लांब पल्ल्याच्या बाजूच्या साईट काढून टाकल्या होत्या. पुढच्या लाकडातून, मॅगझिनच्या पुढेमागे कुठेतरी, आरपार गेलेला जाड स्क्रू दिसला तर लाकूड फुटू नये म्हणून इशापूरने केलेली ती मजबुती आहे.

मग क्रमांक जुळवा : मुख्य पेटी, नळी, बोल्ट, मागची साईट आणि नळीच्या तोंडाशी असलेली लोखंडी टोपण. बोल्ट त्या-त्या रायफलीला घासून बसवलेला असायचा. त्याचा क्रमांक वेगळा निघाला तर ती रायफल तपासणीशिवाय कधीच उडवू नका.

आमच्या रायफलीवर २ए लिहिलंय आणि मॅगझिन चौकोनी आहे. हे काय?

ही इशापूरची ७.६२ मिमी रायफल. १९६२च्या चीन युद्धानंतर, साठच्या दशकात, ली-एनफिल्डच्याच आराखड्यावर पण चांगल्या पोलादात ती घडवली गेली. २ए१ ही तिची धाकटी बहीण, साईट फक्त ८०० मीटरपर्यंतची. या रायफलीकडे पाहून ‘माझी जुनी .३०३सुद्धा ७.६२ करून द्या’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. जुन्या पेटीचं पोलाद त्या दाबासाठी घडवलेलं नाही.

आणि .३१५? तीही तशीच दिसते.

दिसते कारण तिचा सांगाडा ली-एनफिल्डचाच आहे. लष्कराची काडतुसं नागरिकांच्या हत्यारात चालू नयेत असा इंग्रज सरकारचा दंडक होता, म्हणून शिकाऱ्यांसाठी वेगळं काडतूस पुढे आलं. त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरायची पितळी नळी, ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी मानलिखर काडतुसाची. आपल्या सरकारी कारखान्यांनी पुढे तीच रायफल नागरिकांना विकली आणि आजही परवानाधारकांच्या घरात सर्वांत जास्त दिसणारी रायफल तीच. ही प्रतिबंधित बोअर नाही. मात्र .३१५चं काडतूस .३०३मध्ये किंवा उलट ‘बसतंय का बघू’ असं कधीही करू नका.

एक तिसरा प्रकार .४१० मस्केटचा. पहारेकऱ्यांसाठी .३०३ची नळी मोकळी करून, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून केलेली एकबारी बंदूक. ‘छऱ्याची आहे, हिला कोण विचारतंय’ म्हणून लोक गाफील राहतात. कायद्याच्या यादीत तिचंही नाव प्रतिबंधितमध्येच आहे.

साफसफाई मी घरी करू शकतो का? दुरुस्ती?

परवाना तुमच्या नावावर असेल तर पुसणं, तेल देणं, गंज थांबवणं हे तुमचं कामच आहे. दुरुस्तीला मात्र कायद्याने वेगळा परवाना लागतो. कलम ५मध्ये हत्यार बनवणं, विकणं, बदलणं, दुरुस्त करणं, तपासणं हे सगळं एकाच माळेत ओवलेलं आहे. नागदेवीच्या अवजारबाजारातला लेथवाला कितीही कसबी असला तरी त्याच्याकडून फायरिंग पिन वळवून घेणं म्हणजे त्याला आणि स्वतःला गुन्ह्यात ओढणं. नळी आखूड करणं, चेंबर बदलणं तर विचारातही आणू नका. परवानाधारक बंदूकसाजाकडे जा, त्याचा परवाना बघा आणि कामाची पावती घ्या.

नळी आतून काळी आणि खरबरीत झाली आहे. गंज कुठून आला? कित्येक वर्षांत कुणी उडवली नाही.

शेवटची उडवली तेव्हा बी पेरलं गेलं. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे पिनचा ठोका बसला की पेटणाऱ्या तळच्या छोट्या वाटीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. हवेतलं पाणी ते ओढून घेतं आणि पोलाद खातं. तेलात मीठ विरघळत नाही. म्हणून उडवल्यावर नुसतं तेल ओढून ठेवलेल्या नळ्याही गंजल्या. मीठ पाण्यात विरघळतं. जुन्या पलटणींत नरसाळं लावून नळीतून उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. उकळतं एवढ्यासाठी की नळी तापून आपोआप कोरडी होते. मग कोरडी चिंधी, मग तेल. मुंबईच्या हवेत तर हा प्रकार एका रात्रीत दिसतो. आषाढात मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या घरात लोखंडी खिडकीचं काय होतं ते आठवा, नळी त्याच हवेत श्वास घेते.

आता जमलेल्या गंजासाठी : नळीत मुरणारं तेल सोडून दोन दिवस आडवी ठेवा. मग ब्राँझचा ब्रश चेंबरच्या बाजूने घाला आणि तोंडातून पूर्ण बाहेर काढूनच परत ओढा. मध्येच उलटा फिरवला तर तारा मोडतात. चिंधी तपकिरी येते, मग काळपट, मग राखाडी. ती पांढरी निघेपर्यंत घाई नको. माझ्या रायफलीला अकरा दिवस लागले, रोज अर्धा तास.

दस्त्याच्या तळाशी पितळी झाकण असतं. ते उघडून बघा. आत पितळेची तेलाची बाटली आणि दोरीचा पुल-थ्रू असायला हवा. दोरीला बांधायची चिंधी चार इंच बाय दोन इंच फलालीनची. एनसीसीत आम्ही तिला नुसतं ‘चार बाय दोन’ म्हणायचो. बाटली मिळाली तर ती हिऱ्यासारखी जपा. मात्र जुनी कुजलेली दोरी वापरू नका, मध्ये तुटली तर अडकलेली चिंधी काढताना नळीची वाट लागते.

बाहेरच्या लोखंडाला सँडपेपर, बफिंग किंवा नवं काळं करू का? नव्यासारखी चमकली पाहिजे.

हात जोडून सांगतो, करू नका. बफिंगच्या चाकाखाली कडा गोल होतात आणि खुणा पुसल्या जातात. मुकुट, साल, तपासनिसाचा शिक्का, क्रमांक या खुणा म्हणजेच ती रायफल. शिवाय क्रमांक पुसट झाला तर परवान्याशी जुळत नाही आणि खाडाखोड केलेल्या क्रमांकाचं हत्यार बाळगणं हा स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे.

तांबडा गंज आणि काळी झाक यांतला फरक शिका. तांबडा गंज सैल असतो, खात राहतो. जुनी काळी-तपकिरी झाक घट्ट बसलेली असते आणि पोलादाचं थोडंफार रक्षण करते. तेलात भिजवलेली चार शून्यांची, म्हणजे अगदी बारीक, पोलादी लोकर घेऊन अगदी हलक्या हाताने तांबडं तेवढं उचला. तांबडं गेलं की थांबा. मग पातळ तेल. शिवणयंत्राचं तेल चालतं. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि खवट होऊन चिकटतं. बघण्यापुरतीच ठेवायची असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. वस्तुसंग्रहालयांत धातूवर तेच वापरतात, त्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत. आमच्या घामातलं मीठ रायफलीला पावसाइतकंच घातक.

लाकूड काळं, चिकट आणि पोचे पडलेलं आहे. पॉलिश मारू?

पॉलिश नाही, व्हार्निश नाही, मेलामाइन तर अजिबात नाही. या लाकडाला पलटणीत कच्चं अळशीचं तेल मिळायचं, तुम्हीही तेच द्या.

आधी मळ. रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन चिंधीवर घेऊन पुसा. लाकडात ग्रीस मुरलेलं असेल तर खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्या, सुकला की ब्रशने झाडा. पूड पिवळट होऊन निघते, म्हणजे तेल ओढून घेतलं. पोच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि पोचा बराचसा भरून येतो. फडकं कोरडं पडलं की लाकूड करपतं, तेव्हा लक्ष तिथेच हवं. जिथे शिक्के कोरलेले आहेत तिथे इस्त्री नको, कारण शिक्का हाही दबलेलाच तंतू. सँडपेपर लावायचा नाही. लाकूड घासलं की लोखंडाच्या कडेला ते खाली उतरतं आणि जाणकाराला लांबूनही कळतं.

अळशीच्या तेलाचे हात पावसाळ्यात देऊ नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि मुंबईच्या जुलैत ते आठवडेच्या आठवडे चिकटच राहतं, वर बुरशी धरते. ऑक्टोबर हीट सुरू झाली की काम काढा. चार थेंब तळव्यावर घ्या, तळवा गरम होईपर्यंत चोळा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून टाका. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग पुढचा हात. संक्रांतीपर्यंत लाकूड बोलायला लागतं.

आणि हे विसरू नका : अळशीच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. चाळीच्या लाकडी माळ्यावर तर हा खेळच नको. चिंधी उलगडून दोरीवर सुकवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

दस्ता सैल झालाय. मागचा स्क्रू पिळून काढतो, मग बघतो.

थांबा! ली-एनफिल्डच्या या जुन्या रूपात दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब स्क्रूचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता हा मागचा स्क्रू फिरवला की ती पट्टी पिरगळते आणि लाकूड मागच्या टोकाशी उभं चिरतं. चोर बाजारात आणि घरांतही मी जितकी फुटलेली पुढची लाकडं पाहिली, त्यातली बरीच अशीच गेलेली असावीत. आधी पुढचं लाकूड, मग दस्ता. या स्क्रूच्या डोक्यावर बहुधा चामड्याची गुंडी ठोकलेली असते, ती सांभाळून काढा आणि परत बसवा. पुढचं लाकूड काढायचा सराव नसेल तर दस्ता तसाच सैल राहू द्या आणि बंदूकसाजाकडे न्या. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रायफलीला सैल दस्त्याने काही होत नाही.

पेटीत जुनी काडतुसंही आहेत, तळाशी ‘के एफ’ लिहिलंय.

के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, पुण्याजवळची खडकी. १८६९मध्ये सुरू झालेला हा दारूगोळा कारखाना. ही काडतुसं उडवू नका, फोडू नका, रद्दीवाल्याला किंवा भंगारात देऊ नका. जुन्या .३०३मध्ये साधी भुकटीसारखी दारू नसते, शेवयांसारख्या लांब कांड्यांचं कॉर्डाइट असतं. जुनाट टोपीने कधी बार उशिरा होतो, म्हणजे चाप ओढल्यावर काही क्षणांनी. ‘फुसका निघाला’ म्हणून बोल्ट उघडणाऱ्याच्या तोंडासमोर तो होतो. परवान्यावर नोंद नसलेलं एक काडतूससुद्धा गुन्हा ठरतं, म्हणून रायफलीसोबत तेही जमा करा आणि नग मोजून पावतीवर चढवा.

आता मुख्य प्रश्न. घरी काडतुसं भरता येतील का? परदेशात तर लोक गॅरेजमध्ये भरतात.

इथे नाही. अधिनियमातली ‘दारूगोळा’ची व्याख्या बघा : भरलेलं काडतूसच नाही, तर त्याचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही तिच्यात येते. म्हणजे टोप्या किंवा भरायचा प्रेस परदेशातून भावाने बॅगेत आणला तर विमानतळावर अडकणारा तो दारूगोळाच. हत्यार बाळगायचा परवाना म्हणजे काडतुसं बनवायचा परवाना नव्हे. स्फोटक दारूचा कायदा आणखी वेगळा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दोन खोल्यांच्या घरात, वर-खाली माणसं राहत असताना, दारू साठवणं मला कधीच पटलं नाही.

ठीक आहे, पण त्यामागचं शास्त्र तरी समजावून सांगा.

आनंदाने. जिथे कायद्याने चालतं तिथले लोक या रायफलीसाठी काय काळजी घेतात हे कळलं की रायफलच जास्त चांगली कळते. दारूचं वजन मात्र मी लिहिणार नाही. ते छापील तक्त्यातूनच घ्यायचं असतं, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

.३०३च्या पुंगळीला तळाशी काठ असतो आणि काडतूस चेंबरमध्ये टेकतं ते त्या काठावर. पुंगळी जिथे अरुंद होते तो खांदा कुठे टेकतो याची लष्कराला पर्वा नव्हती. खंदकातला चिखल, वाळू गेली तरी काडतूस बसलं पाहिजे म्हणून चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं. बार झाला की पुंगळी फुगून ती सगळी जागा भरते. लष्कराला फिकीर नाही, पुंगळी एकदाच वापरायची. भरणारा मात्र ती पुन्हा दाबून मूळ मापावर आणतो, पुन्हा उडवतो, ती पुन्हा ताणली जाते. असं चार-पाच वेळा झालं की तळाच्या जरा वर पितळ पातळ होतं आणि एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होतात. पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहतो, तापलेला वायू मागे येतो. त्याची पूर्वसूचना असते : तळाजवळ उजळ कडं. आत टोक वाकवलेली तार फिरवली तर तिथे खाचही लागते. म्हणून जाणते लोक पूर्ण पुंगळी दाबत नाहीत, फक्त गोळी धरणारी मान दाबतात आणि त्या पुंगळ्या त्याच एका रायफलीसाठी राखून ठेवतात.

त्यात ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, काडतुसाच्या लगेच मागे नाही. त्यामुळे बार होताना बोल्ट आणि पेटी दोन्ही किंचित ताणतात आणि ताण वाढतो. याच रचनेमुळे बोल्ट आखूड फिरतो आणि झपाट्याने चालतो. प्रशिक्षित शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचा तो यामुळेच. एकाच गुणाची ही दुसरी बाजू.

नळीचं माप हा पुढचा घोळ. गोळीला फिरकी देण्यासाठी नळीत आतून वळणदार चर कोरलेले असतात. नाव .३०३ असलं तरी ते या चरांच्या मधल्या उंचवट्यांमधलं माप. गोळी साधारण .३११ ते .३१२ इंचाची लागते, आणि झिजलेल्या नळीत चरांचं माप .३१४च्याही पुढे गेलेलं सापडतं. मऊ शिशाचा गोळा नळीतून हळू ठोकून काढायचा आणि मोजायचा, ही त्याची पद्धत. एनफिल्डच्या नळीत पाच चर, डावीकडे वळणारे. पाच असल्यामुळे चर आणि उंचवटा समोरासमोर येतात आणि साध्या कॅलिपरने माप नीट घेता येत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

शेवटचं टोपीबद्दल. खडकीच्या पुंगळीत टोपीखाली मधोमध एक नव्हे, दोन बारीक भोकं असतात. ही बर्डन पद्धत. मधून सुई घालून टोपी ढकलता येत नाही, त्यामुळे भरणाऱ्यांना ती नकोशी. मधोमध एक भोक असलेली ती बॉक्सर. बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेने बॉक्सर उचलली आणि इंग्रजांच्या लष्कराने बर्डन.

मग ही रायफल मुंबईत चालवायची कुठे?

शहरातल्या बहुतेक रेंज १० मीटर एअर रायफलच्या किंवा .२२च्या. मोठ्या बोअरला लांब पल्ल्याची, मागे मातीचा बांध असलेली रेंज लागते. प्रतिबंधित बोअर असेल तर माझा सल्ला, चालवू नका, जपा. .३१५ असेल तर आधी बंदूकसाजाकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, मोजून घ्या आणि कारखान्याचं ताजं काडतूस वापरा.

पावसाळ्यात ठेवायची कशी?

चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात कधीच नाही. ते ओल धरून ठेवतं आणि कमावलेल्या चामड्यातली आम्लं धातूला डागतात. पट्टा काढून वेगळा ठेवा. कुलूपबंद पोलादी कपाट, पण पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं नको. आमच्या बिल्डिंगची ती भिंत जूनपासून घामेजते. आत सिलिका जेलची पाकिटं, दर महिन्याला तापवून परत. बोल्ट वेगळा, वेगळ्या कुलपात. नळीचं तोंड बुचाने बंद करू नका, आत दव धरतं. दर पंधरा दिवसांनी हातमोजे घालून बाहेर काढा, पुसा, तेलाचा हात द्या, आणि हे करताना दार लावून घ्या. खिडकीतून रायफल दिसली तर शेजाऱ्यांनी फोन करणं अगदी योग्यच आहे.

चुलतभाऊ कॅनडात आहे, त्याला पाठवू?

नाही. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि पुरावशेष खासगी माणसाने देशाबाहेर नेणं बंद आहे. त्यावर शस्त्रनिर्यातीचे नियम आहेतच.

घरात कुणालाच ठेवायची नाही. भंगारात जाणार का?

जाऊ नये म्हणून धडपडा. परवानाधारक विक्रेत्यामार्फत पात्र माणसाला रीतसर हस्तांतर होऊ शकतं. रायफलीला खरा इतिहास असेल, म्हणजे संस्थानाची खूण, पलटणीचा शिक्का, कुणाचं नाव, तर एखाद्या रेजिमेंटच्या संग्रहालयाला छायाचित्रांसह पत्र लिहून बघा. छायाचित्रं मात्र आजच काढून ठेवा : उजवी बाजू, डावी बाजू, पेटीवरची अक्षरं, प्रत्येक क्रमांक, दस्त्यावरची गोल चकती असेल तर तीही. सकाळच्या तिरक्या उन्हात लाकडी भाग ठेवला की पुसट शिक्के उठून दिसतात. खिडकीजवळ फक्त लाकूड न्या, लोखंड आतच राहू द्या.